अकेडियन पूर्वजांचा माग: लुईझियानापासून १६७१ च्या शिरगणतीपर्यंत

कॅनडा-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता सून किंवा जावई तिकडचा असणं नवलाचं राहिलेलं नाही. व्याह्यांचं आडनाव लेब्लाँ, ब्रुसार, एबेर, थिबोदो, रिशार, दूसे किंवा मेलाँसों असेल, तर घराणं अकेडियन असण्याची शक्यता दाट आहे आणि नातवंडांची वंशावळ लिहायला बसलेल्याचं नशीब चांगलं आहे. सतराव्या शतकातल्या साध्या शेतकऱ्यांची नावानिशी आणि वयानिशी माहिती, गुराढोरांच्या हिशेबासकट, जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. अकेडिया त्यांपैकी एक.

अकेडिया म्हणजे फ्रेंचांनी आजच्या नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड या भागात वसवलेली वसाहत. पोर्ट रॉयलची स्थापना १६०५ ची. १७१० मध्ये ते इंग्रजांनी घेतलं आणि १७१३ च्या उत्रेख्टच्या तहाने मुख्य भूभाग कायमचा त्यांच्याकडे गेला. १७५५ मध्ये तिथल्या फ्रेंच रयतेला जहाजांत कोंबून हद्दपार करण्यात आलं. त्यामुळे एकाच घरातल्या भावंडांची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स, ब्रिटनी, क्वेबेक आणि लुईझियाना अशी चार दिशांना सापडतात. आपलं काम आजपासून मागे १७८५, तिथून १७५५ आणि मग १६७१ असं उलट्या दिशेनं चालतं. नामांकित मूळ पुरुष पकडून खाली उतरणारे हमखास भलत्याच शाखेत शिरतात, कारण प्रत्येक पिढीत पाच-सहा जोसेफ आणि तितक्याच मारी असतात.

आधी कागद कसा मांडायचा

प्रत्येक जोडप्याला एक स्वतंत्र पान द्या. पानावर पाच रकाने हवेत: घटना, तारीख, ठिकाण, कागदात जशी लिहिली आहेत तशीच नावं, आणि तो कागद कुठल्या दप्तरातल्या कुठल्या पानावर आहे. चौथ्या रकान्यात स्पेलिंग सुधारू नका. थेरियो हे आडनाव कागदोपत्री चार-पाच तऱ्हांनी येतं, एबेरचा पहिला एच कधी असतो कधी नसतो, बूरचं पुढे बूर्क होतं. इंग्रज कारकुनाच्या हाती लागलेल्यांचं तर भाषांतरच होतं: लेब्लाँचा व्हाइट, रुआचा किंग, प्वारियेचा पेरी.

आडनावाला जोडून येणारं ‘दित’ हे दुसरं नाव सोडू नका. ‘ऊर्फ’ म्हणतो तसंच ते. जोसेफ ब्रुसार दित बोसोलेय, मिशेल रिशार दित सांसूसी. पुढच्या पिढीत कधी मूळ आडनाव टिकतं, कधी हे ऊर्फ नावच आडनाव बनून बसतं. शोधताना दोन्हींखाली पाहा.

एक मोठी सोय आहे. फ्रेंच नोंदींत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच येते. मरताना, नातवाच्या बाप्तिस्म्यात, शिरगणतीत, सगळीकडे. त्यामुळे अकेडियन वंशावळ बायकांच्या बाजूनेही तितकीच खोल जाते, आणि दोन जोसेफ वेगळे काढायचे तर बायकोच्या माहेरच्या आडनावाइतकं खात्रीचं साधन दुसरं नाही.

पहिला टप्पा: आजपासून १७८५ पर्यंत

हा टप्पा सोपा आहे. जन्म-मृत्यूचे दाखले, जनगणना, चर्चच्या नोंदवह्या. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर आणि द्रुएँ संग्रहात क्वेबेक व अकेडियाच्या कॅथलिक नोंदींच्या प्रतिमा मिळतात. लुईझियानातल्या घराण्यांसाठी बॅटन रूज धर्मप्रांताचं दप्तर महत्त्वाचं. लुईझियाना १७६० च्या दशकात स्पेनकडे गेल्याने त्या काळातल्या याद्या स्पॅनिश वळणाच्या आहेत, जोसेफचा होसे आणि जाँचा हुआन झालेला दिसेल. १७८५ मध्ये सात जहाजांतून सुमारे १,६०० अकेडियन फ्रान्सहून लुईझियानात आले. ल बों पापा, ला बेर्झेर, ल बोमाँ, ल सें-रेमी, लामितिए, ला व्हील दार्कांजेल आणि ला कॅरोलिन ही ती जहाजं. प्रवाशांच्या याद्या कुटुंबवार आहेत. तुमचं कुटुंब यात असेल, तर पुढचा शोध फ्रान्समध्ये. नसेल आणि १७६० च्या दशकातच लुईझियानात दिसत असेल, तर बहुधा हॅलिफॅक्स किंवा मेरीलँडमार्गे आलेलं.

दुसरा टप्पा: १७५५ ते १७८५ ची दरी

नव्वद टक्के धागे इथेच तुटतात असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. या तीस वर्षांत एकच एक नोंदवही नाही. हद्दपारीच्या मुक्कामाप्रमाणे दप्तर बदलतं, म्हणून आधी मुक्काम ठरवा.

अकेडियातल्या ग्रां-प्रे भागातलं कुटुंब असेल तर सुरुवात तिथली हद्दपारी राबवणाऱ्या कर्नल जॉन विन्स्लोच्या रोजनिशीपासून करा. ५ सप्टेंबर १७५५ ला त्याने ग्रां-प्रेच्या चर्चमध्ये ४१८ पुरुषांना बोलावून कोंडलं. रोजनिशीतल्या यादीत कुटुंबप्रमुखाचं नाव, मुलगे-मुली किती आणि गुरंढोरं किती हे दिलेलं आहे. बायकोचं नाव मात्र नाही. म्हणून ही यादी एकटी काही सिद्ध करत नाही, मुलांची संख्या नोंदवहीशी ताडून पाहण्यासाठी ती वापरायची.

मॅसॅच्युसेट्सला गेलेल्यांची माहिती तिथल्या राज्य अभिलेखागारातल्या खंड २३ व २४ मध्ये आहे. गावोगावच्या पंचांनी अकेडियन कुटुंबांवर केलेला खर्च सरकारकडून वसूल करण्यासाठी पाठवलेले हिशेब आहेत हे: भाडं, सरपण, औषध. हिशेबासाठी कोण आजारी, कोण कामाला लायक, कोणाचं वय काय हे लिहावं लागे, त्यामुळे हिशेबाच्या कागदातून कुटुंब उभं राहतं. नावं मात्र इंग्रज कानाने ऐकलेली. ती मोठ्याने वाचा, डोळ्यांपेक्षा कान जास्त मदत करतो.

१७६३ मध्ये इंग्रज-फ्रेंचांमधलं सप्तवार्षिक युद्ध संपल्यावर इंग्रज वसाहतींतल्या अकेडियनांनी आपल्याला फ्रेंच मुलखात न्यावं म्हणून कुटुंबवार याद्या करून पाठवल्या. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, साउथ कॅरोलायना अशा अनेक ठिकाणच्या त्या उपलब्ध आहेत.

प्रिन्स एडवर्ड आयलंड, तेव्हाचं इल सें-जाँ, तिथल्या लोकांची गोष्ट वेगळी. १७५२ मध्ये ल सियर द ला रोक याने इल रॉयाल (आजचं केप ब्रेटन बेट) आणि इल सें-जाँची घरोघर पाहणी केली. वय, जन्मगाव, तिथे येऊन किती काळ झाला, जमीन, जनावरं, सगळं त्यात आहे. अकेडियाच्या शिरगणत्यांतला हा सर्वांत श्रीमंत कागद. १७५८ मध्ये इल रॉयालवरचा लुईबूर हा फ्रेंच किल्ला पडल्यावर या लोकांना थेट फ्रान्सला पाठवलं गेलं. सें-मालो या फ्रेंच बंदरात उतरलेल्यांच्या याद्यांत वाटेत कोण मेलं आणि दवाखान्यात कोण मेलं तेही लिहिलं आहे. कुटुंब १७५२ ला आहे आणि नंतर कुठेच नाही, तर ड्यूक विल्यम आणि व्हायोलेट ही दोन जहाजं आठवा. डिसेंबर १७५८ मध्ये दोन्ही बुडाली.

या काळातली एक नोंद नवख्याला हमखास फसवते. बहुतेक इंग्रज वसाहतींत कॅथलिक पाद्री नव्हते. जोडपी साक्षीदारांसमोर लग्न करत, मुलं झाली की घरातलं वडीलधारं माणूस पाणी घाली. पुढे पाद्री भेटला की तो लग्न ‘पुनर्मान्य’ करी आणि तीन-चार मुलांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरके. नोव्हा स्कोशियात १७६८ पासून आबे बेय्यी यांनी अशी पुष्कळ लग्नं नोंदली. तेव्हा लग्नाची तारीख थोरल्या मुलाच्या जन्मानंतरची दिसली म्हणून दुसरी बायको कल्पू नका. नोंदीचा संपूर्ण मजकूर वाचा, त्यात पूर्वीच्या संमतीचा उल्लेख असतो. निर्देशिकेत तो नसतो.

तिसरा टप्पा: चर्चच्या नोंदवह्या

कोणत्या गावची वही वाचली आणि कोणत्या गावची नाही, हे आधी समजून घ्या. नाहीतर नसलेली वही शोधण्यात महिने जातात.

पोर्ट रॉयलच्या सें-जाँ-बातिस्त चर्चची वही १७०२ ते १७५५ सलग आहे. ती हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कोशिया अभिलेखागारात असून प्रत्येक पानाची प्रतिमा मोफत पाहता येते. १७०२ पूर्वीची वही गेली. ग्रां-प्रेची सें-शार्ल-दे-मीनची वही हद्दपार झालेल्यांनी सोबत नेली, ती लुईझियानात पोचली आणि आज बॅटन रूज धर्मप्रांताकडे आहे. तिच्यातल्या नोंदी १७०७ ते १७४८ च्या. बोबासाँची वही १६७९ ते १६८६ आणि पुढे १७१२ ते १७४८ अशी तुटक आहे. पिसिकिद, कोबेकिद आणि रिव्हिएर-ओ-कानार इथल्या वह्या हरवल्या. तुमचं कुटुंब पिसिकिदचं असेल, तर त्यांच्या शेजारच्या ग्रां-प्रेतल्या नातेवाइकांच्या नोंदींत ते साक्षीदार किंवा धर्ममातापिता म्हणून शोधावं लागेल.

गोव्यातल्या जुन्या चर्चवह्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना मांडणी ओळखीची वाटेल. ट्रेंटच्या धर्मसभेने सोळाव्या शतकात बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी बंधनकारक केल्या, तो नियम दोन्हीकडे लागू होता.

फ्रेंच येत नसेल तरी बाराएक शब्दांवर काम भागतं. फिस म्हणजे मुलगा, फीय म्हणजे मुलगी, व्हव म्हणजे विधवा, पारें धर्मपिता, मारेन धर्ममाता, सेपुल्त्यूर दफन, ओंद्वाये म्हणजे पाद्री येण्याआधी घाईने बाप्तिस्मा दिलेलं मूल. सगळ्यांत मोलाचा शब्द तीन अक्षरांचा आहे: एफ, ई, यू. उच्चार साधारण ‘फ’, अर्थ ‘कैलासवासी’. नवरदेवाच्या बापापुढे १७२५ मध्ये हा शब्द असेल आणि १७१९ मधल्या दुसऱ्या नोंदीत नसेल, तर दफनाची नोंद न सापडताही बापाचा मृत्यू सहा वर्षांच्या कालखंडात येतो. मात्र पाद्री कधीकधी हा शब्द लिहायला विसरतात. म्हणून ‘आहे’ हा पुरावा, ‘नाही’ हा फक्त अंदाज. हस्ताक्षर वाचताना शब्दाच्या मधला एस बऱ्याचदा एफसारखा दिसतो, आणि यू-व्ही, आय-जे यांची अदलाबदल होते.

तारखांतली गोम वेगळीच. पाद्री नवीन, म्हणजे ग्रेगोरियन पंचांग वापरत. इंग्रज अधिकारी १७५२ पर्यंत जुनंच पंचांग वापरत, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. अठराव्या शतकात दोहोंत ११ दिवसांचा फरक आहे. इंग्रजी कागदावरचा १० फेब्रुवारी १७२९ हा दिवस चर्चवहीत २१ फेब्रुवारी १७३० असतो. दोन वेगळ्या घटना समजून एका माणसाचे दोन केले जातात ते इथे.

आता लग्नाच्या नोंदीतला खजिना: नात्याची सूट. वस्ती छोटी, सगळेच एकमेकांचे कोणी ना कोणी. चर्चच्या नियमाने चौथ्या अंशापर्यंतच्या नात्यात लग्न निषिद्ध होतं, त्यासाठी सूट घ्यावी लागे आणि ती कितव्या अंशाची हे नोंदीत लिहिलं जाई. अंश मोजायचा तो सामाईक पूर्वजापासून खाली. आजा-आजी एक असतील, म्हणजे चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडं, तर दुसरा अंश. पणजोबा-पणजी एक तर तिसरा, खापरपणजोबा-खापरपणजी एक तर चौथा. ‘तिसऱ्या-चौथ्या’ अंशाची सूट असेल, तर एकाचे पणजोबा तेच दुसऱ्याचे खापरपणजोबा.

हिशेब असा करा. वराच्या पणजोबा-पणजीची चार जोडपी आणि वधूची चार, अशी दोन याद्या समोरासमोर लिहा. तिसऱ्या अंशाची सूट असेल तर एक नाव दोन्हींत यायलाच हवं. सात जोडपी ठाऊक आहेत, एक रिकामं आहे आणि ठाऊक असलेल्यांत सामाईक कोणी नाही, तर रिकाम्या जागी कोण हवं ते समोरच्या चारांतून निघतं. १७०२ पूर्वीच्या हरवलेल्या वहीतली कितीतरी लग्नं याच रीतीने जुळवली गेली आहेत. फक्त सूट रक्ताच्या नात्याची आहे की लग्नाच्या, हे नीट वाचा. विधुराने दिवंगत बायकोच्या बहिणीशी किंवा भाचीशी लग्न केलं तरी सूट लागे, आणि ती रक्ताची समजून मांडली तर पूर्ण शाखा चुकते.

चौथा टप्पा: शिरगणत्या

१६७१ ची शिरगणती फादर लोराँ मोलें यांनी केली. नंतर १६७८, १६८६, १६९३, १६९८, १७००, १७०१, १७०३, १७०७ आणि १७१४ च्या आहेत. मूळ कागद फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सच्या सागरापार अभिलेखागारात, जी-१ मालिकेच्या ४६६ क्रमांकात आहेत. त्यांच्या प्रती कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात मिळतात. सगळ्या सारख्या उपयोगाच्या नाहीत. १६७१, १६८६, १६९३ आणि १६९८ मध्ये मुलांचीही नावं व वयं आहेत. १७०३ आणि १७०७ मध्ये कुटुंबप्रमुख आणि बाकी नुसते आकडे. १७१४ मध्ये नवरा-बायको आणि मुलं किती एवढंच.

१६७१ ची यादी वाचताना फादर मोलें यांची दमछाक दिसते. एतिएन रोबिशोने त्यांना भेटायलाच नकार दिला, घरातून निघून गेला आणि जनावरांचा व जमिनीचा हिशेब देणार नाही असं बायकोकरवी कळवलं. पिपे बनवणाऱ्या पिएर लानूने आपण ठणठणीत आहोत, पण वय सांगणार नाही, असा निरोप धाडला. पिएर मेलाँसों या शिंप्यानेही वय आणि गुरं सांगितली नाहीत. कराची धास्ती हे सरळ कारण. तेव्हा शिरगणतीत मुलं नाहीत म्हणजे मुलं नव्हती, असा निष्कर्ष काढायचा नाही. जमीन आर्पांमध्ये मोजलेली आहे, एक आर्पां म्हणजे सुमारे ०.८५ एकर.

या यादीची एक खोड कामाची आहे आणि धोक्याचीही. लग्न होऊन वेगळी राहणारी मुलंही आईबापांच्या खाली लिहिली आहेत. म्हणून एकच बाई दोनदा येते. मोजदाद करणाऱ्यांची यात गफलत होते, वंशावळकाराला मात्र माहेर-सासरचा दुवा आयताच मिळतो.

प्रत्यक्ष पाहू. लुईझियानातल्या ब्रुसार घराण्याचे वंशज मागे जात जोसेफ ब्रुसार दित बोसोलेयपर्यंत येतात. १७६५ मध्ये अकेडियनांचा जथा लुईझियानात नेणारा हाच. त्याचं आन्येस थिबोदोशी १७२५ मध्ये लग्न झालं. ते पोर्ट रॉयलला, तेव्हाच्या ॲनापोलिस रॉयलला. आईबाप फ्रांस्वा ब्रुसार आणि कॅथरिन रिशार. आता कॅथरिनचं लग्न हरवलेल्या वहीच्या काळातलं, म्हणून उडी शिरगणतीवर. १६७१ मध्ये मिशेल रिशारच्या घरात बायको मादलेन ब्लांशार, वय २८, आणि मुलांत कॅथरिन, वय ८. पुढे त्याच यादीत जाँ ब्लांशार, वय ६०, बायको रादगोंद लांबेर, वय ४२, आणि त्यांच्या विवाहित मुलांत मादलेन, वय २८. दोन्हीकडे वय जुळलं, दुवा पक्का झाला.

पण थांबा. ४२ वर्षांच्या बाईला २८ वर्षांची मुलगी? अशक्य नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. १६८६ ची शिरगणती उघडली तर जाँ ब्लांशार ७५ वर्षांचा, बरोबर १५ वर्षांनी मोठा. रादगोंद मात्र ६५ ची, म्हणजे १५ वर्षांत २३ वर्षांनी म्हातारी झालेली. कुठलंतरी वय चुकीचं आहे, आणि मुलीचं वय पाहता १६८६ चं जास्त पटतं. म्हणून जन्मवर्षाच्या रकान्यात एक आकडा ठोकून न देता ‘१६२१ ते १६२९ दरम्यान’ असं लिहायचं आणि दोन्ही कागदांचा दाखला द्यायचा.

या बाईवर आणखी एक कागद आहे. १७६५ मध्ये काही अकेडियन कुटुंबं ब्रिटनीच्या किनाऱ्यालगतच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली आणि १७६७ मध्ये त्यांच्याकडून शपथेवर वंशावळी लिहून घेतल्या गेल्या. थेट मूळ पुरुषापर्यंतच्या तोंडी वंशावळी, म्हणून त्या फार मोलाच्या. पण सांगणारे तीन-चार पिढ्या पुढचे. जाँ ब्लांशार बायकोसह फ्रान्सहून आला असं त्यांत आहे, आणि बायकोचं नाव दिलंय ते रादगोंद लांबेर नाही. शिरगणतीत मात्र दोन्ही वेळा तीच आहे. अशा वेळी घटनेच्या जवळचा कागद वरचढ. बेल-ईलच्या जबान्यांतली जवळची पिढी विश्वासाने घ्या, दूरची पिढी पडताळूनच.

रादगोंद मिकमाक, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजातली होती, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. आईकडून आईकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या चाचण्यांत तिच्या वंशजांचा गट युरोपीय निघाला. ही चाचणी उपयोगाची, पण अट एकच: चाचणी देणारी व्यक्ती त्या बाईपर्यंत आई, आजी, पणजी अशी अखंड बायकांच्या साखळीने जोडलेली हवी, आणि ती साखळी कागदांनी सिद्ध हवी. सर्वसाधारण डीएनए चाचणीवर मात्र अकेडियनांच्या बाबतीत फार विसंबू नये. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं झाल्याने सातव्या पिढीतला नातलग चौथ्या पिढीतला असल्यासारखा दिसतो.

पाचवा टप्पा: फ्रान्समधलं मूळ गाव

बहुतेकांचा शोध १६७१ ला थांबतो, आणि थांबू द्यावा. फ्रान्सशी पक्का दुवा मोजक्या घराण्यांचाच सापडला आहे. ग्योम त्राआँ हे चांगलं उदाहरण: १६३६ मध्ये ला रोशेलहून निघालेल्या सें-जेआँ जहाजाच्या यादीत तो आहे, आणि फ्रांस्वाज कोर्बिनो हिच्याशी त्याचं १६२७ मधलं लग्न शिनोंच्या चर्चवहीत आहे. बायकोचं नाव दोन्ही किनाऱ्यांवर जुळलं म्हणून हा दुवा मान्य झाला. नुसतं नवऱ्याचं नाव जुळलं असतं, तर नसता झाला.

हाच निकष आपल्यालाही. इंटरनेटवरच्या वंशवृक्षात मूळ गाव आणि आईबापांची नावं दिसली, तर त्याखाली जहाजाची यादी, ला रोशेलच्या नोटरीचा करार किंवा चर्चवहीचं पान जोडलंय का पाहा. स्टीफन व्हाइट यांचा माँक्टन विद्यापीठाने १९९९ मध्ये काढलेला दोन खंडांचा घराणेकोश १७१४ पर्यंतचं प्रत्येक कुटुंब पुराव्यासह देतो, आणि पुरावा नसेल तिथे जागा रिकामी सोडतो. तिथे रिकामं असलेलं नाव दुसऱ्या कुणी पुराव्याविना भरलं असेल, तर ते आपल्या पानावर पेन्सिलीनेसुद्धा उतरवू नका. ‘आईबाप अज्ञात, १६७१ च्या शिरगणतीत वय ६०’ ही पूर्ण नोंद आहे.